मुंबईचा कुत्रा मराठी सिनेमात बोलायला लागला तर काय बोलेल?

परळची_पोर

बोलणाऱ्या कुत्र्यांचे विनोदी सिनेमे मला मनापासून आवडतात. 'पोराबाळांचं काहीतरी' म्हणून ते बाजूला सारले जातात याचं वाईट वाटतं. आजी, आई-बाबा आणि बालवाडीतला भाचा एकाच जागी, एकाच वेळी हसतील असे सिनेमे उरलेत किती?

माझ्या मते या प्रकारात दोन जाती आहेत. एकीत कुत्र्याच्या तोंडी माणसाचे विनोद असतात. तो गॉगल लावतो, नाचतो, टोमणे मारतो. दुसरीत कुत्रा कुत्र्याचंच बोलतो: वास, भूक, हद्द, घरची माणसं कधी येणार. 'अप' (२००९) मधला डग आठवा. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याला बोलता येतं, पण खार दिसली की वाक्य अर्धवट टाकून मान तिकडे. लेखकाने कुत्रा जवळून पाहिलाय हे तेवढ्यावरून कळतं.

प्रश्न असा, की मुंबईच्या गल्लीतला कुत्रा नायक करून मराठीत अस्सल कौटुंबिक विनोदी सिनेमा काढायचा झाला, तर तो काय बोलेल? कुठली मराठी बोलेल? कुठल्या गोष्टीवर चिडेल? अनुभव सांगा, भांडा, पण मनापासून लिहा.

लालबागकर

आमच्या गल्लीतल्या काळूचा पहिला संवाद गणपतीतला असेल. ढोल सुरू झाला की तो जिन्याखालच्या मीटरबॉक्सच्या मागे जाऊन बसतो. 'अजून किती दिवस?' एवढंच विचारेल बिचारा.

गोट्या_बिनधास्त

'भाऊ, टपरी तुझी असेल. खांब माझा आहे.' हाहाहा. पोस्टर तयार.

चष्मेबहाद्दर

दोन जाती वगैरे पटलं नाही, ताई. मुलं हसतात ती माणसासारखं वागणाऱ्या कुत्र्यालाच. 'रोडसाइड रोमिओ' घ्या. २००८ च्या दिवाळीत आला, यशराज आणि डिस्नेने मिळून काढलेला, दिग्दर्शक जुगल हंसराज, रोमिओला सैफ अली खानचा आवाज आणि लैलाला करीनाचा. लाडात वाढलेला कुत्रा मुंबईच्या रस्त्यावर सोडून दिला जातो, ही गोष्ट. त्यात कुत्रे नाचतात, गाणी म्हणतात, भाईगिरी करतात. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपट तोच ठरला. जावेद जाफरीने चार्ली अण्णाला दिलेला आवाज आमच्या घरी अजून नक्कल करून म्हटला जातो.

आणि मुळात पंचतंत्रापासून प्राणी माणसाचंच बोलत आलेत. कोल्हा राजकारण करतो, बगळा ढोंग करतो. ते चालतं, मग कुत्र्याने गॉगल लावला तर काय बिघडलं?

परळची_पोर

@चष्मेबहाद्दर, रोमिओ मलाही आवडतो, आणि मुंबईचा गल्लीतला कुत्रा नायक होऊ शकतो हे त्याने दाखवलं म्हणून विशेष आवडतो. पण पंचतंत्राचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा रंगाच्या जोरावर राजा होतो, सिंह-वाघ त्याच्यापुढे हात जोडतात, सगळं मस्त चाललेलं असतं. मग लांबून दुसऱ्या कोल्ह्यांची कुई ऐकू येते आणि याला राहवत नाही. तोंड वर करून तोही ओरडतो, तिथेच पकडला जातो. बोलतो माणसासारखा, पण गोष्ट फिरते ती त्याच्या कोल्हेपणावर. मला नेमकं हेच हवंय.

सीबीडी_बेलापूर

निळा कोल्हा आमच्या बाजूला खरंच झालाय की! ऑगस्ट २०१७, तळोजा एमआयडीसी. रंगाचं सांडपाणी कासाडी नदीत जात होतं, त्यात उतरलेले भटके कुत्रे निळे होऊन फिरत होते. फोटो जगभर गेले. तेव्हा हळहळ वाटली आणि संतापही आला होता. प्रदूषण मंडळाने कारवाईही केली. सिनेमात हा प्रसंग यायलाच हवा. एक निळा कुत्रा गल्लीत येतो आणि बाकीचे ठरवू शकत नाहीत की याला हाकलायचं की नमस्कार करायचा.

परळची_पोर

अरे वा! आणि ते ठरवणार नाकाने. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग बऱ्यापैकी दिसतात, लाल-हिरव्यात त्याचा गोंधळ होतो. म्हणजे निळा त्यांना दिसेल. पण वास घेतल्यावर एकजण म्हणेल, 'अरे, हा तर नाक्यावरचा बंड्या! अंगाला काय फासून आलाय?'

डबिंग_दादा

धागा माझ्या पोटापाण्याचा आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

मी डबिंगमध्ये आवाज देतो. परदेशी मालिका-सिनेमांतले बरेच प्राणी माझ्या घशातून गेलेत. माणसाच्या चेहऱ्यावर आवाज चढवताना प, फ, ब, भ, म ही अक्षरं जीव घेतात. पडद्यावर ओठ मिटलेले आणि तुमच्या वाक्यात तिथे मिटणारं अक्षर नसेल, तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण खटकतं. कुत्र्याच्या बाबतीत एवढी कटकट नसते, कारण त्याचे ओठ आपल्यासारखे मिटतच नाहीत. तिथे श्वास सांभाळायचा असतो. तोंड उघडून धापा टाकत असतानाच तो बोलायला लागतो. ती धाप वाक्याच्या आधी, मध्ये आणि शेवटी आली नाही, तर माणूस बोलतोय हे लगेच कळतं. मी माइकपुढे उभा राहून आधी दोनदा नाकाने हुंगतो, मग वाक्य सुरू करतो, आणि शेवटच्या शब्दावर तोंड उघडंच ठेवतो. रेकॉर्डिस्ट सुरुवातीला म्हणायचा, 'दादा, हवा मारतेय.' आता तोच म्हणतो, 'या टेकला धाप कमी पडली.'

आता चित्राचं. खऱ्या जनावराचं तोंड हलवून दाखवण्यात 'बेब' (१९९५) हा मोठा टप्पा. नायक डुकराचं पिल्लू असलं तरी मेंढ्या राखणारे कुत्रे त्यात मोठ्या भूमिकेत आहेत. काही ठिकाणी खरी जनावरं घेऊन संगणकावर त्यांची तोंडं हलवली, ते काम रिदम अँड ह्यूज या कंपनीचं. काही ठिकाणी जिम हेन्सनच्या कार्यशाळेने बनवलेली यांत्रिक जनावरं. पिल्लं भराभर मोठी होतात म्हणून एका बेबसाठी ४८ पिल्लं आलटून पालटून वापरली. व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्करला समोर 'अपोलो १३' होता, आणि जिंकलं डुकराचं पिल्लू! २००१ च्या 'कॅट्स अँड डॉग्ज'मध्ये कुत्रे-मांजरांचं हेरयुद्ध उभं केलं तेही याच दोन पद्धती मिसळून. त्या रिदम अँड ह्यूजचा पुढे मुंबईतही स्टुडिओ होता. म्हणजे जनावर जिवंत करणारे हात आपल्या शहरात आहेत. लेखक पुढे आला पाहिजे.

लालबागकर

दादा, 'धाप कमी पडली' हे आता आमच्या ऑफिसात वापरणार. मिटिंगमध्ये.

गोट्या_बिनधास्त

संगणकच कशाला हवा? आपल्याकडे रामदास पाध्ये आहेत. 'झपाटलेला' १९९३ चा, तात्या विंचूचा बाहुला त्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि अख्खा महाराष्ट्र एका बाहुल्याला घाबरला. मी तर कपाटाचं दार उघडं ठेवून झोपत नव्हतो. बाहुला बोलतो हे आपण तेव्हाच मान्य केलंय. कुत्रा बोलला तर कोण आक्षेप घेणार?

डबिंग_दादा

@गोट्या, एकदम बरोबर. जवळच्या शॉटला यांत्रिक डोकं, लांबच्या शॉटला खरा कुत्रा. खर्च आवाक्यात येतो, आणि समोर काहीतरी हलणारं असलं की बालकलाकारही जास्त खरा अभिनय करतो. हिरव्या पडद्यासमोर हवेशी बोलायला मोठ्यांनाही जड जातं.

संस्कृत_मास्तर

बोलणाऱ्या कुत्र्याचा शोध परदेशात लागला असं कोणी समजू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १०८ वं सूक्त काढून बघा. पणी नावाच्या टोळीने गायी लपवल्यात. इंद्राची कुत्री सरमा माग काढत, रसा नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचते, आणि मग अख्खं सूक्त म्हणजे सरमा आणि पणी यांचा संवाद. ते आधी तिला विचारतात, इतक्या लांब कशाला आलीस? मग धमकी, मग लालूच: परत जाऊ नकोस, आम्ही तुला बहीण मानतो, गायींचा वाटा देतो. ती ठाम. मला भाऊ-बहीणपण माहीत नाही, तुम्ही इथून लांब पळा, असं ऐकवते.

परळच्या ताईंचा मुद्दा तिथेही लागू पडतो. सरमा माग काढते, राखण करते, लाच नाकारते. कुत्र्याचं काम करूनच ती बोलते. वर्गात हे सूक्त गोष्टीसारखं सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा विचारतात, 'सर, मग गायी मिळाल्या का?'

आजीचा_बटवा

वा मास्तर! आणि घराघरांतलं सांगू का? दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, ते चार वेद मानतात. नामदेवांची भाकरी कुत्रा घेऊन पळाला तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ज्ञानोबांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदवले. आमच्या नातवंडांना 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सांगताना वाघ-कोल्हे बोलतातच ना, एकाही मुलाने कधी विचारलं नाही की वाघ कसा बोलतो.

नामदेवांचा प्रसंग कुत्र्याच्या बाजूने सांगितला तर किती गंमत येईल! पुढे पळणाऱ्या कुत्र्याला वाटतंय, भाकरीसाठी मारायला येतोय हा, आणि हातात काय आहे ते वळून बघायची हिंमत नाही. मग वास येतो. तुपाचा.

परळची_पोर

आजी, तुम्ही पटकथा लिहा. 'मग वास येतो' इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

फोर्ट_वाचक

मुंबईचाच इतिहास हवा असेल तर १८३२ चा जून घ्या. भटके कुत्रे मारायची मोहीम कंपनी सरकारने कडक केली, मारणाऱ्यांना कुत्र्यामागे पैसे. पारशी समाज खवळला, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवायचा सगदीद विधी असतो, आणि डोळ्यांच्या वर ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी विशेष मानतात. फोर्टात दुकानं बंद झाली, शिपायांवर दगड आले, सैन्य बोलवावं लागलं. इतिहासात याची नोंद 'बॉम्बे डॉग रायट्स' अशीच आहे.

सिनेमात एखादा म्हातारा कुत्रा पिल्लांना ही गोष्ट सांगू शकेल. 'आपल्यासाठी एकदा अख्खा कोट बंद झाला होता, बाळांनो.'

चष्मेबहाद्दर

ही माहिती नवीन होती, आभार. पण म्हातारा कुत्रा इतिहास सांगतो म्हणजे पुन्हा माणसासारखंच झालं की हो! हद्द-वास-भूक यात १८३२ कुठे बसतं?

फोर्ट_वाचक

खांबावर! त्याच खांबावर पिढ्यानपिढ्यांचा वास आहे. कुत्र्याचं दप्तर तेच.

गोट्या_बिनधास्त

माझा खांब शेवटी कामाला आला.

घाटकोपर_वेस्ट

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या सोसायटीत कुत्र्यांना गेटवर खायला घालण्यावरून रोज भांडणं होतात. घालणारे म्हणतात दया, न घालणारे म्हणतात घाण. मुलं सायकल चालवू शकत नाहीत. सिनेमात गोड दिसतात, पहाटे साडेतीनला खिडकीखाली भुंकले की गोड वाटत नाहीत.

मुलुंडची_मैना

@घाटकोपर_वेस्ट, आमच्याकडे जागा आणि वेळ ठरवून घेतली. गेटपासून लांब, मागच्या भिंतीकडे, संध्याकाळी एकदाच. पत्रावळ्या घालणाऱ्याने उचलायच्या. निम्मी भांडणं तिथेच मिटली.

संपादक

सोसायटीच्या भांडणांसाठी वेगळा धागा काढा. इथे सिनेमावर बोलूया.

पशुवैद्य_पूर्व

संपादकांची क्षमा मागून, तीनचार गोष्टी सिनेमाच्या कामाच्या आहेत.

खरा कुत्रा वापरायचा तर शूटिंगच्या आधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. २००१ चे परफॉर्मिंग अ‍ॅनिमल्सचे नियम आहेत, मूळ कायदा १९६० चा. मंडळाचं प्रमाणपत्र नसेल तर सेन्सॉरला अडतं. निर्माते याला कटकट म्हणतात, मी म्हणत नाही. दिव्यांच्या उष्णतेत कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढूनच थंड होतो. दिग्दर्शकाला 'गोड हसतोय' दिसतं तेव्हा तो बऱ्याचदा तापलेला असतो.

आवाजाचं लालबागकरांनी लिहिलंय. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या आसपास ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीच्या वर. ढोल-फटाक्यांत तो काय सोसत असेल ते पडद्यावर नुसत्या आवाजाच्या मिश्रणातून दाखवता येईल. गल्ली नाचतेय आणि मीटरबॉक्समागे बसलेल्याच्या कानाने आपण ते ऐकतोय. तिथे एकही संवाद नको.

आणि आता माझा आवडता प्रसंग. गल्लीतल्या ज्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण झालंय त्याच्या कानाला छोटी कातर मारलेली असते, आणि नियमाप्रमाणे त्याला उचलला तिथेच परत सोडतात. हे कुत्र्यांच्या बाजूने बघा! गाडी येते. एकजण गायब. काही दिवसांनी त्याच कोपऱ्यावर परत हजर, कान कातरलेला, अंगाला औषधाचा वास, आणि काय झालं ते नीट आठवत नाही.

गोट्या_बिनधास्त

'पांढऱ्या लोकांनी नेलं होतं. दिवा होता वर. मग झोप लागली.' बाकीचे गोल करून ऐकतायत. डॉक्टर, तुम्ही सिनेमाचा मध्यंतर लिहिलात!

लालबागकर

आणि ज्याचा कान कातरलेला नाही तो पैज मारणार, 'मला कोणी हात तर लावू दे.' पुढच्या सीनला गाडी.

परळची_पोर

हसून हसून पुरेवाट. आमच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या बाहेर बसलेले कुत्रे तर मला आधीपासून वेटिंगरूममधले पेशंटच वाटतात. एकमेकांना विचारत असतील, 'तुमचं काय? खरूज का?'

वेसावकर

आमच्या बंदरावर या. कुत्रा कसा विचार करतो ते लिलावात दिसतं.

पहाटे होड्या लागतात, पाट्या उतरतात, बायका बोली लावायला कोंडाळं करतात. आमच्याकडची भुरी नावाची कुत्री कधी पाटीत तोंड घालत नाही. लिलाव चालू असताना ती शांत, पुढचे पाय जुळवून, बर्फाच्या पेटीला टेकून बसते. कान मात्र बोलणाऱ्या बाईकडे. बोली संपली, पाटी उचलली, की खाली सांडलेल्या मांदेलीवर आधी कावळे येतात. भुरी तेव्हा उठते. भुंकत नाही, पळत नाही, नुसती चालत जाते, आणि कावळे बाजूला होतात. मांजरांना ती एक कोपरा सोडते, का ते मला आजतागायत कळलं नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, त्या दिवसांत ती होडीखाली झोपते आणि ओळखीच्या माणसाला बघून शेपटीसुद्धा अर्धीच हलवते. धंदा नाही तर उत्साह कसला.

तिला बोलायला लावलं तर ती भाव सांगेल. 'आज बोंबील चढलाय, कोलंबीला हात लावू नको.'

मालवणी_मसाला

भुरी आमची असती तर म्हणाली असती, 'मेल्या, थंय काय बघतंस? हंय ये, बांगडो पडलोहा.'

भाषेचं उत्तर हेच आहे. गल्लीप्रमाणे बोली. बंदरावरची कोळी बोलणार, गिरणगावातला कोकणी वळणाची, दादर स्टेशनवरचा सगळ्या गाड्यांतून उतरलेली मिसळ. एकाच साच्याची पुस्तकी मराठी नको.

बोरिवली_स्लो

खलनायक हवाय ना? आमच्याकडे आहे. राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या कडेने राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात भटके कुत्रे मोठ्या प्रमाणात असतात हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. आमच्या इमारतीचे कुत्रे काही रात्री एकदम गप्प होतात, सगळे जिन्यात येऊन बसतात. वॉचमन लगेच गेटची साखळी लावतो. कोणी काही न बोलता सगळ्यांना कळलेलं असतं.

एक विनंती, बिबट्याला बोलायला लावू नका. तो बोलला की कार्टून झाला. कुत्रे बोलतात, तो नाही. मग भीती राहते, आणि त्या भीतीवर विनोदही जास्त खुलतो.

चष्मेबहाद्दर

हे मात्र शंभर टक्के मान्य. 'बिबट्या बोलत नाही' हा नियम लिहून ठेवा.

ठमीची_आई

मी जरा वेगळं लिहिते. माझी मुलगी बोलणाऱ्या कुत्र्यांचे सिनेमे बघून गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला मिठी मारायला धावायची. एकदा खात असलेल्या कुत्र्याजवळ गेली आणि तो गुरगुरला. नशिबाने तेवढ्यावर निभावलं. शेपटी हलतेय म्हणजे मैत्री असंच नसतं. ताठ, वर, भरभर हलणारी शेपटी म्हणजे 'जपून'. जांभई देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं म्हणजे 'मला नको आहे'. सिनेमातला कुत्रा बोलून सांगतो, म्हणून मुलं त्याच्या अंगाकडे बघायचं विसरतात. आपल्या सिनेमाने उलट करावं. बोलू दे, पण अंगही खरं असू दे.

दुसरी गोष्ट जातीच्या कुत्र्यांची. कुत्रा नायक असलेल्या सिनेमानंतर त्या जातीची मागणी दहा दहा वर्षं चढी राहू शकते असं २०१४ साली प्लॉस वन नियतकालिकातल्या एका अभ्यासात मांडलं होतं, अमेरिकेतल्या नोंदी तपासून. आपल्याकडे मोबाईलच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आलेले सगळ्यांनी बघितले. मुंबईच्या मे महिन्यात त्या चपट्या नाकाने श्वास घेताना त्या जिवांचे हाल होतात. हस्कीचं तर बोलायलाच नको. म्हणून नायक गावठीच हवा. उभ्या कानांचा, पिवळट अंगाचा, आखूड केसांचा. सिनेमा चालला आणि लोकांनी त्याच्यासारखा कुत्रा घरी न्यायचा ठरवला, तर तो खालीच बसलेला आहे.

पशुवैद्य_पूर्व

@ठमीची_आई, तुमचा प्रतिसाद दवाखान्याच्या भिंतीवर लावायच्या लायकीचा आहे. जोड एवढीच: हंगेरीतल्या संशोधकांनी जाग्या कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये शांत पडून राहायला शिकवून २०१६ मध्ये दाखवलं की ते शब्द आणि स्वर वेगवेगळे ओळखतात, आणि कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला तरच मेंदूतलं आनंदाचं केंद्र पुरतं जागं होतं. म्हणजे गोड आवाजात 'हाड' म्हटलं तर तो फसत नाही.

गोट्या_बिनधास्त

आमची आई उलटं करते. 'मेल्या, आलास का परत, बस तिकडे' असं ओरडत पोळी टाकते. त्याच्या मेंदूत काय होत असेल?

पशुवैद्य_पूर्व

तिथे पोळी जिंकते.

परळची_पोर

एवढं सगळं वाचल्यावर मूळ प्रश्नाकडे येते. मला आता गोष्ट दिसतेय.

नायक गावठी, नाव मोती. परळच्या एका चाळीच्या जिन्याखाली राहतो. चाळ पुनर्विकासाला जाते. माणसं खोके बांधतात, भाड्याचं घर कुणाला ठाण्यात, कुणाला विरारला. मोतीला कोणी काही सांगत नाही, कारण तो कोणा एकाचा नाही, अख्ख्या चाळीचा. पहिल्या मजल्यावरची पोळी, दुसऱ्यावरची हाडं, तिसऱ्यावरच्या आजोबांची पाठ खाजवणं. टेम्पो एकेक करून निघतात आणि त्याला कळत नाही की कोणत्या टेम्पोच्या मागे धावायचं. मग तो वासावर माग काढत निघतो, सरमेसारखा. वाटेत भुरी भेटते, निळा बंड्या भेटतो, कान कातरलेल्यांची टोळी भेटते. बोरिवलीला सगळे गप्प होतात ती रात्र येते.

आणि तो काय बोलेल? तो माणसांना नावांनी ओळखणारच नाही. 'कढीपत्ता', 'अमृतांजन', 'विडी', 'ओली छत्री' अशीच ओळखेल. 'अमृतांजन कुठे उतरलं?' असं तो स्टेशनागणिक विचारत जाईल.

आजीचा_बटवा

अमृतांजन म्हणजे मीच ग बाई.

लालबागकर

आमची चाळ गेल्या वर्षी पाडली. काळू अजून पत्र्याच्या कुंपणाबाहेर बसतो. मीटरबॉक्स तर आता नाही, गणपतीत तो कुठे जाईल हाच विचार करतोय. आमच्यातले दोघंतिघं आळीपाळीने ठाण्याहून येऊन खायला घालतात. हा सिनेमा कोणी काढला तर पहिलं तिकीट माझं, भारतमाताला लागला तर उत्तमच.

चष्मेबहाद्दर

गोष्ट आवडली, ताई. वासाची नावं तर फारच. पण एक गाणं हवं आणि त्यात कुत्रे नाचणार. त्यावर मी मागे हटणार नाही.

परळची_पोर

गाणं चालेल. नाचतील, पण चार पायांवर.

डबिंग_दादा

मोतीला आवाज कोणाचा? मला विचाराल तर नावाजलेला स्टार नको. स्टारचा आवाज आला की प्रेक्षकाला कुत्र्याऐवजी त्याचा चेहरा दिसतो. चाळीत वाढलेला, थोडा घसा बसलेला, मधल्या वयाचा आवाज शोधावा.

मालवणी_मसाला

मतभेद. मकरंद अनासपुरेंचा आवाज घ्या, पहिल्या वाक्याला थिएटर हसेल.

ठमीची_आई

पण मोती परळचा आहे ना? अनासपुरेंना मराठवाड्यातून ट्रकमधून आलेला कुत्रा द्या, कांद्याच्या गोणींवर झोपून वाशी मार्केटला उतरलेला.

डबिंग_दादा

हे जमलं. कांद्याच्या गोणीवरून उठला म्हणजे पहिली ओळ शिंकेनेच सुरू करायची. उद्या घरी करून बघतो, जमली तर रेकॉर्ड करून इथे टाकतो.